रोज कमरेला बाळगायचं पिस्तूल कसं निवडू?

प्रश्न: मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. माझं औषधांचं दुकान आहे. रात्री दुकान बंद करून दिवसाची रोकड घेऊन मी एकटीच घरी जाते. गेल्या वर्षभरात दोनदा माझा पाठलाग झाला. पोलिसांत तक्रार केली, मग रीतसर अर्ज केला, आणि आता लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना हातात आलाय. सुरुवातीचं प्रशिक्षणही झालंय. शस्त्रांच्या दुकानात मला .३८० काडतुसाचं तळहाताएवढं पिस्तूल दाखवलं आणि ‘बायकांना हेच बरं पडतं’ असं सांगितलं. गोळीबाराच्या रेंजवर ते भाड्याने घेऊन चालवलं, तर थोड्याच गोळ्यांनंतर अंगठ्याचा सांधा ठणकायला लागला. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, तीही नीट ओढता येईना. यजमान म्हणतात, रिव्हॉल्व्हर घे, त्यात अडकण्याची भानगड नाही. कमरेला काही टोचलेलं मला सहन होत नाही, म्हणून पर्समध्ये ठेवायचा विचार आहे. घरात पाच वर्षांचा पुतण्या आहे. नेमकं काय घेऊ? लेझर लावून घेऊ का? – एक वाचक

ताई, त्या दुकानातल्या सल्ल्यापेक्षा तुमच्या अंगठ्याने दिलेला कौल जास्त भरवशाचा आहे. ते पिस्तूल घेऊ नका.

नवख्या माणसाच्या हातात सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं पिस्तूल द्यायचं, ही रीत मला फार खटकते. समोर बाई असली की तर हमखास तेच पुढे केलं जातं. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर ते हातात मागे उसळण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. रुगर एलसीपीसारखं पिस्तूल रिकामं असताना पाव किलोच्या जरा वर भरतं. त्याची मूठ इतकी आखूड असते की करंगळी हवेतच राहते, म्हणजे सगळा झटका अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात येऊन बसतो. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं, म्हणजे साइटमधलं अंतर कमी असल्यामुळे हाताची बारीकशी थरथरही कागदावर मोठी चूक होऊन दिसते. अशी पिस्तुलं उपयोगाची आहेत, पण हात बसलेल्या माणसाला, तेही मोठं शस्त्र लपवणं शक्यच नसेल तेव्हा. नवखा माणूस ते एकदा चालवतो, हात दुखला म्हणून पुन्हा रेंजवर जात नाही, आणि वर्षभराने त्याच्याकडे परवाना असतो, पिस्तूल असतं, सराव मात्र नसतो.

स्लाइडचंही तेच. लहान पिस्तूल ओढायला सोपं असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा उलट असतं. मोठ्या पिस्तुलात स्लाइडचं वजनच मागे येणारा जोर बराचसा खातं. लहान पिस्तुलात ते वजन नाही, म्हणून स्प्रिंग कडक बसवावी लागते. त्यातून तुम्ही दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरून ओढत असाल, तर ती कुणालाच सहज येणार नाही. पुढच्या वेळी असं करून बघा. नळी रेंजवरच्या लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून पिस्तूल छातीच्या जवळ घ्या. ट्रिगरवर बोट नको. दुसऱ्या हाताचा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून ठेवून चारी बोटांनी ती घट्ट पकडा. मग स्लाइड ओढण्याऐवजी ज्या हातात मूठ आहे तो हात जोराने पुढे ढकला. खांदा आणि छातीची ताकद कामाला लागते आणि बिचाऱ्या अंगठ्यावर भार येत नाही. शिकवताना मी बघते, ‘माझ्या हातात ताकदच नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणी याच एका बदलाने मोकळ्या होतात.

एवढं करूनही सांधा साथ देत नसेल, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा. स्लाइड सहज ओढता यावी हाच हेतू धरून ते बनवलंय. २०१८ मध्ये .३८० मध्ये आलं, २०२० मध्ये ९ एमएममध्ये. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, आठ गोळ्यांचं आहे आणि ते भरताना अंगठ्याने खाली दाबायला बाजूला छोटी खुंटी आहे. ९ एमएमचं जुनं घेणार असाल तर आधी अनुक्रमांक तपासा, कारण सुरुवातीच्या काही नगांचा आतला ठोका देणारा हॅमर बदलून देण्यासाठी कंपनीने ते परत मागवले होते.

आता रिव्हॉल्व्हर. यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं समोर येतं, स्लाइड ओढायची गरज नाही, आणि भरलंय की रिकामं हे समजायला सोपं. पण बाळगायला म्हणून जे घेतलं जातं, ते स्मिथ अँड वेसन ६४२ सारखं पाच गोळ्यांचं, हलक्या धातूचं असतं. वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर, आणि काडतूस .३८ स्पेशल. त्याचा झटका तुम्हाला त्रास देणाऱ्या त्या पिस्तुलापेक्षा कमी नाही. शिवाय प्रत्येक गोळीला पाचेक किलोच्या जोराने, लांबपर्यंत ट्रिगर ओढावा लागतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलात हाच जोर साधारण निम्मा असतो. ट्रिगर जितका जड, तितकी तो ओढताना नळी बाजूला सरकते. रिव्हॉल्व्हर वापरायला समजतं लवकर, पण त्याने नेम साधायला फार वेळ लागतो. ठणकणाऱ्या अंगठ्याला मी ते सुचवणार नाही.

मग काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. ९ एमएम काडतुसाचं, जेमतेम एक इंच जाडीचं, रिकामं असताना अर्धा किलोच्या आसपास वजनाचं आणि करंगळीसकट पूर्ण हात मावेल एवढ्या मुठीचं पिस्तूल घ्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी अशी निवड अवघड होती. २०१५ मध्ये ग्लॉक ४३ आलं, बारीक पण सहाच गोळ्यांचं, आणि मूठ आखूड. २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ आणलं आणि जवळपास तेवढ्याच आकारात दहा गोळ्या बसवल्या. पुढच्याच वर्षी ग्लॉकने ४३ ची स्लाइड कायम ठेवून मूठ लांब केली आणि ४३एक्स काढलं, तेही दहा गोळ्यांचं. सिगनेही त्याच वर्षी मूठ आणि नळी दोन्ही वाढवून पी३६५ एक्सएल काढलं. तुम्ही ४३एक्स आणि पी३६५ एक्सएल ही दोन आणि त्यांच्या जोडीला शील्ड ईझेड अशी तीन पिस्तुलं भाड्याने घेऊन एकाच दिवशी चालवून बघा.

ग्लॉक १९ ही हातात घ्या म्हणते, निदान तुलनेसाठी. १९८८ पासून ते चालत आलंय, मॅगझिन पंधरा गोळ्यांचं, आणि चालवायला या सगळ्यांत आरामशीर. जाडी आणि वजन जास्त आहे, त्यामुळे तुम्ही ते रोज बाळगाल असं मला वाटत नाही. पण चांगलं वागणारं पिस्तूल हातात कसं लागतं हे एकदा कळलं, की लहान पिस्तूल घेताना आपण नेमकं काय सोडतोय ते लक्षात येतं.

एक गोष्ट फार लोकांना उशिरा कळते. कपड्यांतून पिस्तूल दिसतं ते मुठीमुळे, नळीमुळे नाही. नळी पँटच्या आत असते, तिची लांबी कुणाला दिसते? उलट पट्ट्याखाली थोडी जास्त लांबी असली तर पिस्तूल पुढे कलंडत नाही आणि मूठ अंगाला चिकटून राहते. म्हणून आखूड नळीच्या मागे लागू नका. मुठीची लांबी आणि एकूण जाडी या दोनच मापांवर घासाघीस करा.

काडतुसाच्या वादात फार शिरू नका. ९ एमएम १९०२ पासून वापरात आहे, सगळीकडे मिळतं, सरावाला परवडतं, आणि आजच्या काळातली फुलणाऱ्या टोकाची काडतुसं त्यात उत्तम काम करतात. ही काडतुसं काही ठिकाणी नागरिकांना वापरायची परवानगी नसते, तेवढं आपल्या परवान्याच्या नियमांत तपासून घ्या.

पिस्तूल हाताला बसतंय की नाही हे असं बघा. आधी ते रिकामं असल्याची खात्री करा: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग नळी कोपरापासून निघालेल्या हाताच्या सरळ रेषेत येईल अशी मूठ धरा. या पकडीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सहज टेकला पाहिजे. तिथवर पोचायला मूठ फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमच्या हाताला मोठं आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर लहान. मॅगझिन सोडायचं बटण पकड फारशी न मोडता दाबता येतंय का, हेही बघा. रेंजवर पाच मीटरवर साधा ए४ कागद लावा. सुरुवातीच्या उत्साहात सगळ्याच गोळ्या कागदात जातात, म्हणून खरा निकाल शेवटी घ्या. हात थकल्यावर तिन्ही पिस्तुलांतून पुन्हा पाच-पाच गोळ्या झाडा. ज्याच्या पाचही गोळ्या कागदात राहतील आणि जे पुन्हा उचलावंसं वाटेल, ते तुमचं.

भरवसा हा नुसत्या नावावर ठेवायचा नसतो. नवीन पिस्तुलातून साधारण दोनशे सरावाच्या गोळ्या झाडा, आणि रोज बाळगणार ती काडतुसं निदान पन्नास तरी वापरून बघा. मॅगझिनवर रंगाने १, २ असे आकडे घाला. गोळी अडकली तर कोणतं मॅगझिन होतं ते लिहून ठेवा. दोष पिस्तुलाचा नसून मॅगझिनचा असतो, असं फार वेळा निघतं. हलक्या पिस्तुलांचं आणखी एक आहे: मनगट सैल ठेवलं तर स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळत नाही आणि ते अडकतं. म्हणून अडकलं की तेच पिस्तूल, तेच मॅगझिन प्रशिक्षकांना चालवायला द्या. त्यांच्या हातात सुरळीत चाललं तर तुमची पकड सुधारायची आहे. त्यांच्याही हातात अडकलं तर ते दुकानात परत करा, आणि तिथे भीड बाळगू नका.

अंगाजवळ बाळगलेल्या पिस्तुलाला घाम लागतो आणि घामातल्या मिठाने स्लाइडच्या कडांना, साइटच्या कोपऱ्यांत गंज धरतो. दर आठवड्याला ते रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. चेंबरमधली गोळी रोज काढून पुन्हा भरत असाल, तर तीच ती गोळी सारखी वर ठेवू नका. प्रत्येक वेळी चेंबरच्या तोंडाशी आपटून तिचं टोक कवचात थोडं थोडं आत सरकतं आणि मग उडवताना आतला दाब धोकादायकरीत्या वाढतो. नव्या गोळीशेजारी उभी करून बघा. जराही बुटकी दिसली तर ती वापरातून काढून टाका.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला खरी काळजी वाटली ते पर्सचं. पर्समध्ये ठेवू नका. तुमचा पाठलाग झाला तो रोकडीसाठी, म्हणजे हिसकावली जाणार ती पर्सच, आणि तिच्यासोबत पिस्तूलही त्यांच्या हातात जाईल. शिवाय पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, ट्रॉलीत ठेवतो, पलंगावर टाकतो. अमेरिकेत आयडाहो राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये दुकानात खरेदी करणाऱ्या एका आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ती पर्स शस्त्र ठेवण्यासाठीच बनवलेली होती, त्यासाठी वेगळा कप्पा होता. ती शस्त्राला सरावलेलीही होती. तुमच्या घरात पाच वर्षांचं पोर आहे. यात मला तडजोड दिसत नाही: पिस्तूल एक तर तुमच्या अंगावर, नाही तर कुलपात. तिसरी जागा नाही.

आणि कमरेला टोचण्याचं म्हणाल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि पट्टा असतो. लोक पिस्तुलावर महिनोन्‌महिने विचार करतात आणि होल्स्टर जे समोर येईल ते उचलतात. होल्स्टर नेमक्या तुमच्या मॉडेलसाठी साच्यात घडवलेलं, कडक मटेरियलचं घ्या. कायडेक्स नावाचं कडक प्लास्टिक चांगलं. ट्रिगर आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, बाहेरून दाबूनही बोटाला ट्रिगर लागता कामा नये. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे, मिटणारं मऊ कापडाचं नको. रिकामं पिस्तूल त्यात घालून गादीवर उलटं धरा आणि हलवा, खाली पडलं तर ते होल्स्टर नको. पट्टा साधारण दीड इंच रुंद आणि आडवा न वाकणारा हवा. मऊ पट्ट्यावर पिस्तूल लोंबतं, मग माणूस पट्टा आवळत बसतो, आणि टोचायला लागतं ते तिथून.

पुरुषांना सांगितलेली जागा, म्हणजे कमरेच्या उजव्या हाडाच्या किंचित मागे, बायकांना बरेचदा जमत नाही. कमरेच्या वळणामुळे होल्स्टरचा खालचा भाग बाहेर फेकला जातो आणि मूठ बरगड्यांत घुसते. तुम्ही कमरेच्या हाडाच्या जरा पुढची जागा बघा. अगदी पोटासमोर ठेवलं तर लपतं सुरेख आणि हातही पटकन जातो, पण तिथे नळीचा रोख जांघेकडे असतो, म्हणून सुरुवातीला ती जागा टाळा. होल्स्टर पट्ट्यावर अर्धा इंच वरखाली करून, किंचित तिरकं करून बघा. एवढ्याशा फरकाने टोचणं थांबतं. खुर्चीत बसा, खाली वाका, उंच फळीवरचं काही काढा, आणि आरशात बाजूने बघा.

पहिले दोन आठवडे पिस्तूल रिकामंच बाळगा, घरात आणि दुकानात. सकाळी रिकामं असल्याची दोनदा खात्री करून स्लाइड ओढून सोडा, म्हणजे आतली यंत्रणा ताणलेली राहील, आणि ते होल्स्टरमध्ये ठेवा. ग्लॉकसारख्या पिस्तुलात तेव्हा ट्रिगर पुढे असतो. दिवसभर गल्ल्यावर बसा, खोकी उचला, गाडी चालवा. रात्री बघा, ट्रिगर अजून पुढेच असेल. दिवसभरात तो एकदाही ओढला गेला नाही, याची साक्ष ते पिस्तूलच देतं. ‘चेंबरमध्ये गोळी ठेवली तर आपोआप उडेल का?’ ही पोटातली भीती माझ्या सांगण्याने जाणार नाही, पण अशा दोन आठवड्यांनी जाते. ती गेल्याशिवाय चेंबर भरू नका. मात्र कायम रिकामं चेंबर ठेवणं हाही तोडगा नाही, कारण ऐनवेळी दोन्ही हात मोकळे असतीलच असं नसतं, आणि स्लाइड ओढणं हीच तर तुमची अडचण आहे.

चुकून गोळी उडण्याचे बरेचसे प्रसंग पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना घडतात. शर्टाचं टोक आत जातं. जॅकेटच्या कडेला नाडी आवळायची प्लास्टिकची गोटी असते, ती बरोबर ट्रिगरच्या कडीत शिरते, माणूस जोराने खाली दाबतो आणि गोळी मांडीतून जाते. अशी गोटी असलेली जॅकेट्स वापरायची असतील तर ती कापून टाका. परत घालताना कपडा पूर्ण वर धरा, होल्स्टरकडे बघा, सावकाश घाला, आणि जरा जरी अडलं तर थांबून बाहेर काढा. पिस्तूल परत घालायची घाई कुणालाच नसते. घरी आल्यावर होल्स्टरसकटच कमरेवरून काढा आणि तसंच छोट्या तिजोरीत ठेवा, ट्रिगर झाकलेलाच राहील. तिजोरी भिंतीला किंवा जड फर्निचरला घट्ट बसवलेली हवी. पुतण्याला ‘त्याला हात लावायचा नाही’ असं जरूर सांगा, पण त्या सांगण्यावर विसंबून राहू नका.

लेझर आत्ता नको. नवखा माणूस कागदावर लाल ठिपका शोधत बसतो आणि तेवढा वेळ साइट, पकड, ट्रिगर सगळं विसरतो. ते पैसे काडतुसांना आणि चांगल्या प्रशिक्षकाला द्या. महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या, आणि आठवड्यातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव. तेव्हा एकही काडतूस त्या खोलीत नको, आणि रोख अशा भिंतीकडे असू दे जी गोळी अडवेल. सराव संपला की ‘संपला’ असं मोठ्याने म्हणा आणि पिस्तूल ठेवून द्या. चुका होतात त्या ‘आणखी एकदाच’ म्हणताना.

बाळगायला लागण्याआधी एखाद्या वकिलाकडून तुमच्या भागातला कायदा समजून घ्या: कुठे नेता येतं, कुठे नाही, आणि जीव वाचवण्यासाठी ते कधी वापरता येतं. घाबरवायला म्हणून पिस्तूल दाखवणं हाच बऱ्याच ठिकाणी गुन्हा ठरतो, आणि रोकड वाचवायला गोळी झाडता येते असं धरून तर चालूच नका. पैसे मागितले तर पैसे देऊन टाका. दुकान बंद करताना सोबतीला कुणी मिळेल का, रोकड रोज वेगळ्या वेळी किंवा दिवसाउजेडी बँकेत टाकता येईल का, हेही बघाच. तसं जमलं तर त्या रस्त्याने रात्री पैसे घेऊन जाणंच बंद होईल.

भाड्याने तिन्ही चालवून झाली की पुन्हा लिहा. अंगठा कुठे दुखला तेही लिहा, बेचक्यात की सांध्यात. बेचक्यात असेल तर पकड थोडी वर घेऊन भागतं, सांध्यात असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खरेदीच करू नका.